‘ब्लेड रनर’चा संग्रह सुरू करताय? आधी हे वाचा

‘ब्लेड रनर’ हा हॉलिवूडचा विज्ञानपट बघून झपाटलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या पारायणानंतर हमखास ऑनलाइन पोस्टर शोधायला बसतो. समोर ‘१९८२चं ओरिजिनल’ म्हणून ढीगभर वस्तू येतात. काही पाचशे रुपयांना, काही पन्नास हजारांना, फोटो मात्र सगळ्यांचे सारखेच. यातलं खरं कुठलं आणि गेल्या महिन्यात छापलेलं कुठलं, हे नवख्या माणसाला कळायला मार्ग नसतो. मी या नादात बरीच वर्षं आहे आणि नवीन मंडळी मला तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. हा सिनेमा तीनदा जन्मला. २५ जून १९८२ला अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि आपटला. दोनच आठवडे आधी ‘ई.टी.’ आला होता आणि लोकांना तो गोड परग्रहवासी हवा होता, पावसात भिजणारं काळोखं लॉस एंजेलिस नको होतं. दुसरा जन्म १९९२चा आणि तिसरा २००७चा. बाजारातली प्रत्येक वस्तू या तिन्हींपैकी एका जन्माची असते, नाहीतर अलीकडची नक्कल असते. वस्तू कुठल्या जन्मातली हे ओळखता आलं की निम्मी फसवणूक आपोआप टळते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. आधी सिनेमा बघा, पण कुठला ते ठरवून

‘मी पाहिलाय’ म्हणणाऱ्या दोघांनी वेगवेगळे सिनेमे पाहिलेले असतात, आणि मग चाहत्यांच्या गप्पांमध्ये विनाकारण भांडणं होतात. तेव्हा आवृत्त्या समजून घ्या.

१९८२च्या अमेरिकी आवृत्तीत हॅरिसन फोर्डच्या आवाजात निवेदन आहे आणि शेवटी डोंगरदऱ्यांतून गाडी जाते, असा सुखान्त आहे. ती डोंगरांची दृश्यं स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी चित्रित होऊन उरलेल्या फिल्ममधली आहेत. त्याच वर्षीच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत हिंसा काही सेकंदांनी जास्त आहे, बाकी फारसा फरक नाही.

या दोन्हींच्या आधीची एक कच्ची प्रत होती, तिला ‘वर्कप्रिंट’ म्हणतात. मार्च १९८२मध्ये ती डेन्व्हर आणि डॅलसच्या प्रेक्षकांना चाचणीसाठी दाखवली होती. तिथली प्रतिक्रिया बघूनच निर्मात्यांनी निवेदन आणि सुखान्त चिकटवला. पुढे ही प्रत १९९०मध्ये लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स थिएटरात लागली, मग १९९१मध्ये तिथल्याच न्यूआर्टमध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रोमध्ये. गर्दी उसळली. ती पाहून स्टुडिओने १९९२मध्ये घाईघाईने ‘डिरेक्टर्स कट’ काढला. निवेदन गेलं, सुखान्त गेला, आणि डेकार्डच्या, म्हणजे फोर्डने केलेल्या नायकाच्या, स्वप्नातला युनिकॉर्न (एकशिंगी घोडा) आला. २००७चा ‘फायनल कट’ ही दिग्दर्शक रिडली स्कॉटला पूर्ण मोकळीक मिळालेली एकमेव आवृत्ती.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा ‘फायनल कट’ बघा आणि नंतर १९८२ची अमेरिकी आवृत्ती. उलट क्रमाने बघणारे निवेदनाला कंटाळून अर्ध्यात सोडतात, असं मी बऱ्याचदा पाहिलंय.

२. एकच शाखा धरा

पोस्टर, छापील साहित्य, संगीत, खेळण्यातल्या गाड्या, प्रॉपच्या प्रतिकृती. यातली एकच शाखा निदान पहिलं वर्षभर धरा. जो सगळंच घ्यायला जातो, त्याच्याकडे वर्षाच्या शेवटी एक महाग मग, दोन टी-शर्ट आणि एक संशयास्पद पोस्टर एवढंच उरतं.

बजेट कमी असेल तर जपानी ‘चिराशी’पासून सुरुवात करा. जपानच्या थिएटरांत सिनेमाच्या जाहिरातीचे बी-५ आकाराचे कागद फुकट वाटतात, त्यांना चिराशी म्हणतात. आपल्या वहीच्या पानाएवढा कागद, छपाई देखणी. १९८२चा अस्सल चिराशी पोस्टरच्या किमतीच्या अगदी लहान हिश्श्यात मिळतो, साध्या पाकिटातून येतो आणि फाइलमध्ये राहतो. हात बसवायला याहून चांगली वस्तू नाही.

३. हाताशी काय काय हवं

- दहापट मोठं दिसणारं भिंग. सोनारांकडे असतं तसं लूप
- इंचांची टेप आणि एक चांगली टॉर्च
- आम्लविरहित कागद आणि पॉलिएस्टरचे पारदर्शक कव्हर (दुकानात ‘मायलार’ म्हणून मागा)
- आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेलं कार्ड. २०२०पासून नव्या कार्डांवर ही सोय बंदच येते. बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावी लागते
- कस्टम्सच्या केवायसीसाठी पॅन आणि आधारची प्रत. पार्सलवरचं नाव आणि कागदपत्रावरचं नाव अक्षरश: सारखं हवं. ‘बंड्या’ नावाने मागवलेलं पार्सल विमानतळावर पडून राहतं
- एक वही किंवा एक्सेल. कुठून, कधी, कितीला घेतलं, आणि विक्रेत्याने काय लेखी सांगितलं, ते तिच्यात उतरवायचं

४. पोस्टर: डोळ्यांआधी टेप

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो.

१९८२चं अमेरिकी पोस्टर जॉन अल्विन या चित्रकाराचं. गंमत म्हणजे ज्या ‘ई.टी.’ने त्या उन्हाळ्यात या सिनेमाला झोपवलं, त्याचं पोस्टरही अल्विननेच केलेलं. थिएटरच्या फ्रेममध्ये लागणाऱ्या या मोठ्या पोस्टरला ‘वन-शीट’ म्हणतात आणि त्या काळात त्याचं माप साधारण २७ बाय ४१ इंच असायचं. घराच्या भिंतीवर लावायला विकली जाणारी पोस्टरं बहुतेक २४ बाय ३६ची असतात. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न मापाचा विचारा, आणि पोस्टरवर टेप ठेवून काढलेला फोटो मागा. निम्मे विक्रेते इथेच गप्प होतात. ब्रिटिश पोस्टर आडवं असतं, ३० बाय ४० इंचांचं. त्याला ‘क्वॉड’ म्हणतात. जपानी बी-२ पोस्टर सुमारे ५१ बाय ७३ सेंटिमीटर.

आता घड्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत पोस्टरं थिएटरांना घडी घालूनच पाठवली जात. एक उभी घडी, तीन आडव्या, मिळून आठ चौकोन. त्यामुळे १९८२च्या वन-शीटवर घडीच्या रेषा असणं हा दोष नाही, उलट ते चांगलं लक्षण आहे. गुंडाळलेल्या स्थितीत राहिलेल्या अस्सल प्रतीही आहेत, पण त्या कमी आणि महाग. स्वस्तात ‘रोल्ड, मिंट, १९८२’ (गुंडाळलेलं, नव्यासारखं) दिसलं की हात आखडता घ्या.

पोस्टर हातात आलं की ते टेबलावर सपाट पसरा, खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च कागदाच्या कडेला जवळजवळ आडवी धरा. खऱ्या घडीवर प्रकाशाची एक बाजू उजळते, दुसरीवर सावली पडते, आणि घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे शाई झिजून पांढरा ठिपका दिसतो. बोट फिरवलं की तो उंचवटा लागतो. काही नकला अस्सल पोस्टर स्कॅन करून छापलेल्या असतात. त्यात घडीची रेषा दिसते, पण ती छापलेली असते. बोटाखाली कागद गुळगुळीत लागतो. अशी नक्कल एकदा हातात घेऊन बघाच, मग फोटोतही ओळखायला येते.

त्यानंतर लूप. तळाशी कलाकार-तंत्रज्ञांच्या नावांची जी बारीक अक्षरं असतात, ती बघा. मूळ छपाईत ही अक्षरं सलग, भरीव शाईची असतात, कडा स्वच्छ. स्कॅन करून काढलेल्या प्रतीत तीच अक्षरं रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात, कडा फुटलेल्या. ही एकच तपासणी नव्वद टक्के काम करते असं मी म्हणेन, आणि तिला लागतात दोन मिनिटं.

तळाच्या पांढऱ्या पट्टीवर अमेरिकेच्या नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या वितरण संस्थेचा मजकूर आणि ८२ने सुरू होणारा क्रमांक बऱ्याच प्रतींवर असतो. तो नाही म्हणून पोस्टर लगेच खोटं ठरवू नका, आणि तो आहे म्हणून खरंही मानू नका. क्रमांकही स्कॅन होतोच. मागची बाजू पांढरी कोरी हवी. मागेही उलटं चित्र छापलेली पोस्टरं मागून दिवा लावायच्या फ्रेमसाठी नंतरच्या काळात आली, म्हणून ‘१९८२चं दुहेरी छपाईचं’ असं कोणी म्हणालं की नमस्कार करून पुढे जा.

‘लिनन-बॅक्ड’ हा शब्दही वारंवार भेटेल. म्हणजे पोस्टर मागून कापडावर चिकटवून, घड्या सपाट करून, कधी रंग भरून दुरुस्त केलेलं. हे सन्मान्य काम आहे. मात्र कापड लावलं की मागची बाजू दिसत नाही आणि घड्याही बोटाला लागत नाहीत. म्हणजे तुमच्या निम्म्या तपासण्या बाद. पहिली खरेदी लिनन-बॅक्ड नको.

पोस्टर परवडत नसेल तर लॉबी कार्डं बघा. थिएटरच्या आवारात लावायची ११ बाय १४ इंचांची, आठचा संच. सुटी कार्डंही मिळतात. खलनायक रॉय बॅटी असलेलं कार्ड महाग, पोलिसप्रमुख ब्रायंटचं स्वस्त. मला स्वत:ला ब्रायंटचं आवडतं.

५. संगीत: १९८२ची तबकडी आणि एक जुना सापळा

सिनेमाच्या शेवटच्या श्रेयनामावलीत ‘ध्वनिमुद्रिका पॉलिडोरवर उपलब्ध’ असं लिहिलेलं आहे. ती आलीच नाही. संगीतकार व्हँगेलिसचा अधिकृत अल्बम यायला १९९४ उजाडलं. मधल्या बारा वर्षांत चाहत्यांनी काय केलं? १९८२मध्ये न्यू अमेरिकन ऑर्केस्ट्राने तेच संगीत पुन्हा वाजवून काढलेली एक तबकडी आली होती, ती घेतली. १९८९च्या ‘थीम्स’ या संकलनात व्हँगेलिसच्या मूळ ध्वनिमुद्रणातले मोजके तुकडे आले, तेही घेतलं. बाकी सगळे बूटलेग, म्हणजे चोरून काढलेल्या प्रती.

यातून सापळा असा तयार होतो: ‘१९८२, ओरिजिनल साउंडट्रॅक, एलपी’ अशी जाहिरात. वर्ष खरं, सिनेमा खरा, कव्हरही खरं. पण वाजतो तो ऑर्केस्ट्रा, व्हँगेलिस नाही. विक्रेता खोटं बोलत नसतो, आपण नीट वाचत नाही. संग्रहासाठी ती तबकडी जरूर घ्या, ऐकण्यासाठी १९९४चा अल्बम किंवा २००७चा तीन सीडींचा संच.

बूटलेगना या चाहत्यांत मोठा मान आहे, आणि त्यांच्यावर तासन् तास चर्चा चालतात. त्या बेकायदा प्रती आहेत, त्यांच्याही पुन्हा नकला निघतात, आणि अमुक प्रतींपुरतीच मर्यादित वगैरे दाव्यांना काही आधार नसतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

लेझरडिस्क, म्हणजे सिनेमाची जुनी व्हिडिओ तबकडी, गोळा करणारेही आहेत. क्रायटेरियनने १९८७मध्ये आंतरराष्ट्रीय आवृत्तीची लेझरडिस्क काढली होती. बारा इंची, कव्हर सुंदर. पण चालवायला यंत्र लागतं आणि जुन्या डिस्कच्या आतला थर गंजतो, मग पडद्यावर रंगीत ठिपके नाचतात. भिंतीवर टांगायची असेल तरच घ्या.

६. छापील साहित्य

माझ्या दृष्टीने पैशाचं खरं चीज इथे होतं. जुलै १९८२चा ‘सिनेफेक्स’ या नियतकालिकाचा ९ नंबरचा अंक याच सिनेमाच्या दृश्यचमत्कारांवर आहे. डग्लस ट्रम्बुलच्या चमूने शहराची छोटी प्रारूपं कशी उभी केली, धूर का भरला, एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्रण कसं केलं, ते त्यात वाचायला मिळतं. संगणकावर चित्रं न बनवता ते शहर कसं उभं राहिलं हे कळलं की पुढच्या वेळी सिनेमा बघताना तुम्ही पडद्याच्या कोपऱ्यांत बघायला लागता.

मार्व्हलचा १९८२चा ‘सुपर स्पेशल’ क्रमांक २२ म्हणजे सिनेमाचं कॉमिक. चित्रं अल विल्यमसन आणि मंडळींची, मुखपृष्ठ जिम स्टेरँकोचं. भरपूर छापला गेला होता, त्यामुळे अजून आवाक्यात आहे. ब्लू डॉल्फिनचं ‘स्केचबुक’ मात्र आवाक्याबाहेर गेलंय. सिनेमातलं शहर आणि गाड्या कल्पणाऱ्या सिड मीडची मूळ रेखाटनं त्यात आहेत.

पुस्तकांत एक गमतीशीर घोटाळा आहे. सिनेमा बेतला आहे फिलिप के. डिकच्या १९६८च्या कादंबरीवर, पण तिचं नाव वेगळंच आहे. ‘ब्लेड रनर’ हे नाव अ‍ॅलन नर्सच्या १९७४च्या कादंबरीचं, आणि विल्यम बरोजने १९७९मध्ये त्यावरून ‘ब्लेड रनर’ नावानेच एक छोटं पुस्तक काढलं होतं. निर्मात्यांनी नाव तेवढं विकत घेतलं. म्हणजे नुसत्या नावाने शोधलंत तर घरी येईल डॉक्टरी उपकरणांच्या तस्करीची गोष्ट, आणि तुम्ही त्यात डेकार्डला शोधत बसाल. सिनेमाचं मुखपृष्ठ असलेली १९८२ची डेल रे-बॅलंटाइनची पेपरबॅक हवी असेल, तर लेखकाचं नाव टाकून शोधा.

७. सह्या आणि प्रॉप

सहीच्या बाबतीत तारखांचा तक्ता पाठ करा. फिलिप के. डिक २ मार्च १९८२ला गेला, सिनेमा प्रदर्शित व्हायच्या जवळजवळ चार महिने आधी. त्याची सही असलेलं सिनेमाचं पोस्टर कोणी दाखवलं, तर दुसरं काही तपासायची गरजच नाही. जॉन अल्विन २००८मध्ये गेला. रॉय बॅटी झालेला रुटगर हाउअर जुलै २०१९मध्ये गेला. त्याचं पात्रही सिनेमात २०१९मध्येच मरतं, त्यामुळे चाहते हळहळले आणि त्याच्या सह्यांचे भाव चढले. सिड मीड त्याच वर्षी ३० डिसेंबरला, व्हँगेलिस मे २०२२मध्ये. माणूस गेला की नव्या सह्या थांबतात, पण बाजारात त्या वाढतात. कारण सांगायला नको.

विक्रेत्याने स्वत:च छापलेलं ‘अस्सलतेचं प्रमाणपत्र’ म्हणजे त्याने स्वत:लाच दिलेलं चारित्र्याचं सर्टिफिकेट. सही कुठे, कधी, कोणासमोर घेतली, त्याचा फोटो आहे का, हे विचारा.

प्रॉप म्हणजे चित्रीकरणात वापरलेली वस्तू. डेकार्डचं मूळ पिस्तूल वर्षानुवर्षं कोणाला दिसलं नव्हतं. २००६मध्ये अ‍ॅनहाइमला भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात ते अचानक मांडलेलं दिसलं. चाहत्यांनी जवळून फोटो काढले आणि सिनेमातल्या चौकटींशी स्क्रू, ओरखडे, क्रमांक जुळवून ते खरं ठरवलं. २००९च्या लिलावात ते २,७०,००० डॉलरना गेलं. वस्तूवरचे ओरखडे पडद्यावरच्या ओरखड्यांशी जुळवायच्या या पद्धतीला ‘फोटो-मॅचिंग’ म्हणतात. कोणी ‘सिनेमात वापरलेलं’ म्हणालं की हेच मागायचं.

त्या पिस्तुलाची प्रतिकृती भारतात मागवू नका. धातूची असो, प्लॅस्टिकची असो, पाण्याची असो; एक्सरेमध्ये ते पिस्तूलच दिसतं आणि खुलासे देता देता नाकी नऊ येतात. त्याऐवजी डेकार्डचा व्हिस्कीचा ग्लास बघा. तो प्रॉप म्हणून बनवलेलाच नव्हता. चिनी बोएरी या इटालियन वास्तुरचनाकार बाईंनी १९७३मध्ये आर्नोल्फो दि कांबिओ कंपनीसाठी केलेला तो ‘चिबी’ ग्लास आहे. खाली चौकोनी, वर गोल. म्हणजे दुकानात मिळणारी वस्तू आणि सिनेमातली वस्तू एकच, असा दुर्मीळ योग. स्वस्त नकलाही आहेत. हातात घेतल्यावर वजनातला फरक लगेच कळतो.

टी-शर्टांचं थोडक्यात सांगतो. १९८१च्या चित्रीकरणात रिडली स्कॉट एका ब्रिटिश वर्तमानपत्राला म्हणाला की इंग्लंडचे तंत्रज्ञ बरे, सांगितलं की ‘येस, गव्हनर’ म्हणतात. हे कात्रण सेटवर पोचलं आणि अमेरिकी तंत्रज्ञ दुसऱ्या दिवसांपासून त्या वाक्याची टर उडवणारे टी-शर्ट घालून हजर. स्कॉटनेही उलट मजकुराचा शर्ट घातला. किस्सा खरा आहे. तुम्हाला विकायला येणारा शर्ट मात्र बहुतेक नवाच असतो.

८. बातमी आणि अफवा

चाहत्यांच्या गटात रोज काहीतरी ‘ब्रेकिंग’ असतं. पुढे ढकलण्याआधी दोन गोष्टी बघा.

पहिली, बातमी कोणाकडून आली. सिनेमाचे पुढचे भाग आणि मालिका काढण्याचे हक्क २०११मध्ये अल्कॉन एंटरटेनमेंटने घेतले. २०१७चा ‘ब्लेड रनर २०४९’, २०२१ची अ‍ॅनिमे मालिका, २०२२मध्ये जाहीर झालेली ‘ब्लेड रनर २०९९’ ही मालिका, सगळ्यामागे तेच. कॉमिकं २०१९पासून टायटन काढतंय. अल्कॉन किंवा प्रकाशक बोललेले नसतील, तर ती बातमी नाही.

दुसरी, ‘कधीच न पाहिलेली दृश्यं सापडली’ अशी क्लिप. २००७च्या डिस्कसंचात वगळलेली आणि पर्यायी दृश्यं जवळपास पाऊण तासाची आहेत. डेकार्ड रुग्णालयात त्याच्या जखमी सहकाऱ्याला, होल्डनला, भेटायला जातो, ते दृश्य त्यातलंच. व्हायरल क्लिप बहुतेक वेळा तिथूनच कापलेली असते. तो संच जवळ असला की गटातले निम्मे वाद तुम्ही जागेवर मिटवू शकता. वर्कप्रिंटही त्यातल्या पाच डिस्कांच्या संचात आहे.

९. पैसे आणि कस्टम्स

लिलावात हातोडा पडतो ती किंमत तुमची किंमत नसते. समजा १०० डॉलरला वस्तू लागली. त्यावर लिलावगृहाचा खरेदीदाराकडून घ्यायचा आकार, धरा २५ टक्के: झाले १२५. पाठवणावळ ४०: झाले १६५. कार्डाचा परकीय चलनाचा आकार सुमारे तीन टक्के, म्हणजे आणखी पाच. मग भारतात आल्यावर सीमाशुल्क आणि जीएसटी, तेही वस्तूची किंमत, पाठवणावळ आणि विमा मिळून होणाऱ्या रकमेवर. हे दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून बोली लावायच्या आठवड्यात सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर बघा; कोणाचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव धरून चालू नका. माझा नियम: हातोड्याच्या किमतीची दुप्पट खिशात असेल तरच हात वर करायचा.

‘गिफ्ट लिहून पाठव’ असं विक्रेत्याला सांगायची जुनी खोड सोडा. भेटवस्तूंना मिळणारी पाच हजारांपर्यंतची करमाफी डिसेंबर २०१९मध्ये बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सुटली. किंमत कमी लिहायला सांगितलीत आणि पार्सल हरवलं, तर विमाही तेवढाच मिळतो.

खेळण्यातल्या गाड्यांचं वेगळं दुखणं आहे. १९८२मध्ये अर्टल कंपनीने या सिनेमातल्या गाड्यांची छोटी धातूची मॉडेलं काढली होती. पॅकबंद मिळाली तर फार गोड वस्तू. पण १ जानेवारी २०२१पासून आयात होणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं आहे, आणि चाळीस वर्षं जुन्या गाडीवर ते कुठून येणार? पाकिटावर ‘टॉय’ लिहिलेलं असलं की अडकतं. खोटं वर्णन लिहायला सांगणं हा त्यावरचा इलाज नव्हे. इथल्याच संग्राहकाकडून घ्या, किंवा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला त्याच्या बॅगेजच्या मर्यादेत आणता येत असेल तर बघा. घडीचं पोस्टर लॅपटॉपच्या बॅगेत सहज मावतं, हा घडीचा आणखी एक फायदा. न्यू जर्सीच्या मावशीला मात्र आधी सांगा की ते उलगडून बघू नका.

१०. पावसाळा, कसर आणि फ्रेमवाला

लॉस एंजेलिसच्या कोरड्या हवेत चाळीस वर्षं टिकलेला कागद मुंबईत किंवा रत्नागिरीत दोन पावसाळ्यांत खराब होऊ शकतो. बुरशीचे तपकिरी ठिपके, आणि कसर. कसरीला घडीतली धूळ आणि डिंक आवडतो. पोस्टर आम्लविरहित कागदाच्या दोन तुकड्यांमध्ये, मग पॉलिएस्टरच्या कव्हरात, मग सपाट ठेवा. पलंगाखाली नको, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ओलावल्या की बदला. डांबरगोळ्या कागदाजवळ ठेवू नका. गणपतीनंतर ऊन पडलं की सगळं बाहेर काढून सावलीत, पंख्याखाली तासभर हवा द्या. उन्हात नाही.

फ्रेमवाला हा कसरीपेक्षा मोठा धोका. ‘साहेब, लॅमिनेशन मारून देतो, आयुष्यभर बघायला नको’ हे वाक्य तुम्ही ऐकणारच. लॅमिनेशन, फेव्हिकॉल, थर्माकोलवर गरम चिकटवणं, यातलं काहीही झालं की पोस्टरची बाजारातली किंमत संपली. दुकानात लेखी द्या: काहीही चिकटवायचं नाही, कडेने माउंट ठेवून कागद आणि काच यांच्यात फट ठेवायची, काचेऐवजी अतिनील किरण रोखणारं अ‍ॅक्रिलिक. आणि काम होईपर्यंत तिथेच उभे राहा. दुकानदाराला राग येतो. येऊ दे.

११. अदलाबदल

जोडीच्या वस्तू झाल्या की देवाणघेवाण सुरू होते. अनोळखी माणसाशी पहिला व्यवहार लहान ठेवा, चिराशी किंवा एखादं लॉबी कार्ड. पाठवण्याआधी वस्तूचे दोन्ही बाजूंचे फोटो, त्यात त्या दिवशीचं वर्तमानपत्र. दोष आधी आपणच सांगायचे: पिनांची भोकं, कोपरा दुमडलेला, मागे पेनाने थिएटरचं नाव.

पाठवताना घडीचं पोस्टर दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट, आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत सील करून. गुंडाळलेलं असेल तर कागदी नळीवर भरवसा नको, पावसाळ्यात ती मऊ पडते. प्लंबिंगच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइप ३२ इंच कापून घ्या, दोन्ही टोकांना झाकणं. पोस्टर आधी आम्लविरहित कागदात सैल गुंडाळा, आत सरकवा, दोन्ही टोकांना कागदाचे बोळे भरा, म्हणजे ते आत आपटणार नाही. झाकणांवर टेप. पत्ता पाइपवर मार्करने लिहा आणि शिवाय एक चिठ्ठी आतही टाका, वरचं लेबल ओलं होऊन निघालं तर कामी येते. स्पीड पोस्टने, विमा उतरवून. पाइप परत पाठवायचा की नाही, ते आधीच ठरवून घ्या. आमच्या गटात या पाइपांवरून पोस्टरांपेक्षा जास्त कुरबुरी झाल्यात.